घरगुती बिनतारी दूरचित्रवाणी प्रेषण

घरगुती बिनतारी दूरचित्रवाणी प्रेषण म्हणजे घरातील एका खोलीत आलेले दूरचित्रवाणीचे चित्र व ध्वनी, मधे तार न टाकता, रेडिओ तरंगांच्या साहाय्याने त्याच घरातील दुसऱ्या खोलीतील संचापर्यंत पोहोचवण्याची पद्धत होय. यासाठी वापरल्या जाणाऱ्या उपकरणजोडीला व्यवहारात ‘व्हिडिओ सेंडर’ किंवा ‘एव्ही सेंडर’ असे म्हणतात. या जोडीतील प्रेषक हा सेट टॉप बॉक्स, डीव्हीडी प्लेअर किंवा संगणक यांसारख्या स्रोताला जोडलेला असतो, तर ग्राही दुसऱ्या खोलीतील संचाला जोडलेला असतो. अलीकडे हेच काम घरातील वाय-फाय जाळ्यातूनही केले जाते.

संकेत भिंतीपलीकडे नेणे हा या पद्धतीचा हेतू आहे. मात्र तरंगांना घरातली भिंत आणि शेजाऱ्याची भिंत यांतील भेद कळत नाही. त्यामुळे चित्राची गुणवत्ता, शेजारच्या उपकरणांना होणारा व्यत्यय, खासगीपणा आणि कायदेशीर मर्यादा हे चार प्रश्न या विषयात एकमेकांशी जोडलेले आहेत. भिवंडीसारख्या दाट वस्तीच्या शहरात ते विशेषत्वाने जाणवतात.

पार्श्वभूमी

मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रसारण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वरळी येथील मनोऱ्यावरून निघणारे संकेत सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटर अंतरावरील भिवंडीत घेण्यासाठी छतावर उंच अँटेना उभारून तिचे तोंड नैऋत्येला, म्हणजे मुंबईच्या दिशेने ठेवावे लागे. त्या काळी दुसऱ्या खोलीत दुसरा संच ठेवणे तांत्रिकदृष्ट्या सोपे होते. अँटेनाच्या तारेला स्प्लिटर लावून तिच्या दोन शाखा केल्या की काम भागे. तारेतून सर्व वाहिन्यांचे संकेत एकत्र येत आणि प्रत्येक संच आपल्यातील ट्यूनरने हवी ती वाहिनी निवडून घेई. दोन खोल्यांत दोन वेगळ्या वाहिन्या पाहण्यातही अडचण नव्हती.

१९८० च्या दशकात मुंबई व परिसरातील इमारतींमध्ये एका व्हीसीआरवरून अनेक घरांना तारेने चित्रपट दाखवण्याची पद्धत रूढ झाली. व्हीसीआरमधील मॉड्युलेटर चित्र व ध्वनी यांना एखाद्या दूरचित्रवाणी वाहिनीच्या वारंवारतेवर चढवत असे आणि प्रत्येक घरातील संच त्या वाहिनीवर लावला की चित्रपट दिसे. ‘स्रोत एक, पडदे अनेक’ ही कल्पना येथे होतीच, फक्त माध्यम तारेचे होते. पुढे उपग्रह वाहिन्या आल्यावर याच तारांच्या जाळ्यातून केबल व्यवसाय उभा राहिला.

अंकीय प्रसारण आल्यावर मात्र परिस्थिती बदलली. भारतात थेट घरी सेवा, अर्थात डीटीएच, २००३ मध्ये सुरू झाली. प्रसार भारतीची डीडी डायरेक्ट प्लस ही विनाशुल्क सेवा डिसेंबर २००४ मध्ये आली. केबल सेवेच्या सक्तीच्या अंकीकरणाच्या पहिल्या टप्प्यात ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर मुंबईतील अनुरूप केबल प्रसारण थांबवण्यात आले. सशुल्क अंकीय सेवेत संकेत कूटबद्ध असतात आणि ते उलगडण्याचे काम सेट टॉप बॉक्स करतो. बॉक्समधून बाहेर पडते ते त्या क्षणी निवडलेल्या एकाच वाहिनीचे चित्र. त्यामुळे नुसती तार विभागून दुसरा संच चालत नाही. दुसऱ्या खोलीसाठी एकतर दुसरा बॉक्स घ्यावा लागतो किंवा पहिल्या बॉक्समधून बाहेर पडलेले चित्र तेथवर वाहून न्यावे लागते. बिनतारी प्रेषणाची घरगुती गरज मुख्यतः येथून निर्माण झाली.

या गरजेला खर्चाचीही बाजू आहे. दुसऱ्या बॉक्ससाठी वेगळे मासिक शुल्क पडते. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) जानेवारी २०२० मधील दुरुस्तीद्वारे, एकाच घरातील दुसऱ्या व त्यापुढील जोडणीसाठी आकारले जाणारे नेटवर्क क्षमता शुल्क पहिल्या जोडणीच्या जाहीर शुल्काच्या ४० टक्क्यांपर्यंत मर्यादित केले होते. २०२४ मध्ये या शुल्कावरील कमाल मर्यादा हटवण्यात येऊन दर ठरवण्याची मुभा वितरकांना देण्यात आली.

तत्त्व

रेडिओ तरंगांची वारंवारता जसजशी वाढते, तसतशी त्यांची लांबी कमी होते. ६० मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या तरंगाची लांबी सुमारे ५ मीटर, २.४ गिगाहर्ट्झची सुमारे १२.५ सेंटिमीटर, ५.८ गिगाहर्ट्झची सुमारे ५ सेंटिमीटर, तर ६० गिगाहर्ट्झची केवळ ५ मिलिमीटर असते. सर्वसाधारणपणे लांब तरंग भिंती सहज पार करतात आणि अडथळ्यांना वळसा घालतात. आखूड तरंग भिंतीत अधिक शोषले जातात किंवा तिच्यावरून परावर्तित होतात. मिरवणूक गल्लीच्या पलीकडून जात असताना बंद घरात ढोलाचा घुमारा ऐकू येतो, पण झांजांची किणकिण येत नाही. ध्वनी आणि रेडिओ तरंग ही वेगळी रूपे असली, तरी भिंतीपाशी होणारी ही निवड दोन्हींत साधारण सारखीच असते.

याच्या उलट बाजूने, अधिक माहिती वाहून नेण्यासाठी वारंवारतेचा रुंद पट्टा लागतो आणि असे रुंद पट्टे वरच्या वारंवारतांवरच मोकळे मिळतात. १,९२० × १,०८० बिंदूंचे पूर्ण एचडी चित्र सेकंदाला ६० वेळा आणि प्रत्येक बिंदूसाठी २४ बिट या हिशेबाने पाठवायचे झाल्यास सेकंदाला सुमारे २.९९ अब्ज बिट लागतात. हेच चित्र संकोचनाने आटवले, तर सेकंदाला काही दशलक्ष बिटांत मावते. मात्र आटवणे आणि पुन्हा उलगडणे यांत वेळ जातो व काही बारकावे गमावले जातात. भिंत पार करणारा तरंग थोडे वाहतो आणि भरपूर वाहणारा तरंग भिंतीपाशी थांबतो. या क्षेत्रातील सर्व उपकरणे म्हणजे या पेचातून काढलेल्या निरनिराळ्या वाटा आहेत.

भिंतीपलीकडे तरंग पाठवण्याच्या प्रयोगाला भारतात जुनी परंपरा आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये केलेल्या जाहीर प्रयोगात विद्युतचुंबकीय तरंग भिंतींतून पार नेऊन सुमारे ७५ फूट अंतरावरील घंटा वाजवली आणि बंदुकीच्या दारूचा स्फोट घडवला. काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर लांबीच्या तरंगांवर त्यांनी त्या काळात संशोधन केले. आजची घरगुती बिनतारी उपकरणे याच लांबीच्या टापूत काम करतात. घंटा वाजवण्यासाठी तरंगाचा क्षीण अंश पोहोचला तरी पुरतो. चित्रासाठी मात्र तो अखंड आणि पुरेशा जोमाने पोहोचावा लागतो.

प्रकार

अनुरूप प्रेषक

हा सर्वांत जुना व स्वस्त प्रकार आहे. सेट टॉप बॉक्सच्या पिवळ्या, तांबड्या व पांढऱ्या तारा प्रेषकाला जोडतात. पिवळी तार चित्राची आणि उरलेल्या दोन ध्वनीच्या. प्रेषक हे संकेत २.४ किंवा ५.८ गिगाहर्ट्झच्या तरंगावर चढवून सोडतो आणि ग्राही ते उतरवून दुसऱ्या संचाला देतो. २.४ गिगाहर्ट्झच्या उपकरणांत बहुधा २.४१४, २.४३२, २.४५० आणि २.४६८ गिगाहर्ट्झ अशा चार वाहिन्या असतात. प्रेषक व ग्राही एकाच वाहिनीवर लावावे लागतात.

या प्रकारात संकोचन नसल्याने चित्र जवळजवळ त्याच क्षणी पोहोचते. परंतु त्याची गुणवत्ता जुन्या ६२५ रेषांच्या चित्राएवढीच राहते. संकेत क्षीण झाल्यास पडद्यावर दाणे आणि आडवे पट्टे दिसू लागतात. खोलीतून माणूस चालत गेल्यानेही चित्र हलू शकते, कारण परावर्तित तरंग व थेट आलेला तरंग यांचा मेळ त्यामुळे बिघडतो.

बिनतारी एचडीएमआय

उच्च दर्जाच्या चित्रासाठी दोन प्रमुख मानके पुढे आली. २००८ मध्ये जाहीर झालेले वायरलेसएचडी हे मानक ६० गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. त्यावर चित्र फारसे न आटवता पाठवता येते, मात्र ते एका खोलीपुरतेच उपयोगी ठरते. विटांची किंवा काँक्रीटची भिंत त्याला जवळपास पूर्ण अडवते. २००९ मधील डब्ल्यूएचडीआय हे मानक ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात असल्याने भिंतीपलीकडेही काम करू शकते. त्यात चित्राचा महत्त्वाचा भाग व बारकावे यांना वेगवेगळे संरक्षण दिले जाते. त्यामुळे संकेत क्षीण झाल्यास चित्र तुटण्याऐवजी आधी बारकावे पुसट होतात.

वाय-फाय जाळ्यातून प्रेषण

घरातील उपकरणांनी एकमेकांची चित्रे व ध्वनी सहज वापरावेत यासाठी २००३ मध्ये डीएलएनए ही संघटना स्थापन झाली. २०१० मध्ये ॲपलचे एअरप्ले, २०१२ मध्ये वाय-फाय अलायन्सचे मिराकास्ट आणि २०१३ मध्ये गूगलचे क्रोमकास्ट आले. मिराकास्टमध्ये फोनचा पडदा जसाच्या तसा संचावर उमटतो. क्रोमकास्टमध्ये बहुतेक वेळा फोन केवळ आज्ञा देतो आणि कार्यक्रम संचाला जोडलेले उपकरण स्वतः महाजालावरून घेते. २००५ मध्ये अमेरिकेत आलेल्या स्लिंगबॉक्सने घरातील सेट टॉप बॉक्सचे चित्र आटवून महाजालावरून जगात कोठेही पाहण्याची सोय केली होती. ही सेवा नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाली.

वाय-फायवरील प्रेषणात चित्र काहीसे उशिरा पोहोचते. चित्रपट पाहताना हा विलंब जाणवत नाही. मात्र क्रिकेटचा थेट सामना दोन खोल्यांत एकाच वेळी चालू असेल, तर एका खोलीतील जल्लोष दुसऱ्या खोलीत चेंडू पडण्याआधीच ऐकू येतो.

रिमोटचा प्रश्न

सेट टॉप बॉक्सचा रिमोट अवरक्त किरणांवर चालतो आणि हे किरण भिंतीतून पार होत नाहीत. म्हणून अनेक व्हिडिओ सेंडरमध्ये उलट दिशेचाही मार्ग दिलेला असतो. दुसऱ्या खोलीतील ग्राही रिमोटचे अवरक्त संकेत टिपतो, ते रेडिओ तरंगांत रूपांतरित करून प्रेषकाकडे पाठवतो आणि प्रेषकाला जोडलेला छोटा अवरक्त दिवा ते बॉक्ससमोर पुन्हा उमटवतो. या उलट मार्गासाठी बहुधा ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपासची वारंवारता वापरतात. कोणताही मार्ग वापरला, तरी बॉक्स एकच असल्याने दोन्ही खोल्यांत एकच वाहिनी दिसते. दोन वेगळ्या वाहिन्या एकाच वेळी हव्या असल्यास हा उपाय उपयोगी नाही.

भिंती आणि व्यत्यय

भिंतीमुळे होणारा क्षय डेसिबलमध्ये मोजतात. ३ डेसिबल क्षय म्हणजे शक्ती निम्मी होणे, १० डेसिबल म्हणजे दशांश आणि २० डेसिबल म्हणजे शतांश. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की शक्ती एक चतुर्थांश उरते. लाकडी फळी किंवा प्लायवूडच्या आडभिंतीने फारसा फरक पडत नाही. विटांची भिंत त्याहून अधिक, तर सळ्यांचे जाळे असलेले सिमेंट काँक्रीट सर्वांत अधिक अडथळा करते. लोखंडी कपाट, आरसा आणि पाण्याची टाकी हेही मोठे अडथळे आहेत. पाणी या वारंवारतांचे तरंग शोषते, म्हणून पावसाळ्यात ओल धरलेली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा अधिक अडवते. उत्पादक वेष्टनावर जे अंतर छापतात, ते मोकळ्या मैदानातील असते. घरात त्याचा थोडाच भाग प्रत्यक्षात मिळतो.

व्यत्यय हा दुसरा अडथळा आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वाय-फाय, ब्लूटूथ आणि सूक्ष्मतरंग भट्टी, म्हणजेच मायक्रोवेव्ह ओव्हन, ही सर्व उपकरणे एकत्र असतात. अनुरूप प्रेषक अखंड चालू राहतो. वाय-फाय उपकरणे मात्र पट्टा मोकळा असल्याची खात्री करून आळीपाळीने बोलतात. त्यामुळे अनुरूप प्रेषक चालू असताना आसपासचे वाय-फाय मंदावते किंवा तुटते. असा प्रेषक म्हणजे वर्गात सर्व मुले हात वर करून पाळी येण्याची वाट पाहत असताना अखंड बोलत राहणारा विद्यार्थी होय.

दाट वस्तीतील स्थिती : भिवंडी

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे शहर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भिवंडी-निजामपूर महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सात लाखांहून अधिक होती. दाटीवाटीच्या अशा शहरात एका घराची भिंत ही अनेकदा शेजारच्या घराचीही भिंत असते. प्रेषक आणि ग्राही यांच्यामधील भिंत आणि प्रेषक व शेजारचे घर यांच्यामधील भिंत सारख्याच जाडीची असेल, तर जेवढा संकेत पुढच्या खोलीत पोहोचतो, तेवढाच शेजाऱ्याकडेही जातो.

अशा ठिकाणी एकाच वेळी अनेक घरांची वाय-फाय जाळी एकमेकांवर पसरलेली असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांना न छेदणाऱ्या रुंद वाहिन्या जेमतेम तीन, म्हणजे १, ६ आणि ११ या क्रमांकांच्या. म्हणून येथे ५ गिगाहर्ट्झचा पट्टा अधिक सोयीचा ठरतो. त्याचे तरंग भिंतीत अधिक अडतात ही त्याची उणीव आहे. दाट वस्तीत हीच उणीव गुण बनते, कारण शेजारच्या घरांतील तरंगही त्याच भिंतीपाशी क्षीण होतात.

यंत्रमागांच्या मोटारींचा गिगाहर्ट्झ पट्ट्यातील तरंगांवर सहसा परिणाम होत नाही. मोटारी चालू-बंद होताना स्विच व स्टार्टरमध्ये उडणाऱ्या ठिणग्यांचा उपद्रव प्रामुख्याने खालच्या वारंवारतांवर होतो. छतावरील अँटेनाच्या काळात ४७ ते ६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील वाहिन्यांवर अशा ठिणग्यांमुळे ठिपके व रेषा उमटू शकत. आज हा उपद्रव घरातील वीजतारांतून संकेत नेणाऱ्या उपकरणांना अधिक जाणवतो.

खासगीपणा

अनुरूप प्रेषकाचे संकेत कूटबद्ध नसतात. तशाच प्रकारचा ग्राही त्याच वाहिनीवर लावणाऱ्या कोणालाही ते चित्र दिसू शकते. सेट टॉप बॉक्सवरील मालिका शेजाऱ्याला दिसणे ही फार गंभीर गोष्ट नसली, तरी याच तंत्राचे कॅमेरे पाळण्यातील बाळावर किंवा आजारी माणसावर लक्ष ठेवण्यासाठी वापरले जातात. तेव्हा घराच्या आतील दृश्य घराबाहेर जाते. लावणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते. अंकीय प्रकारांत, पासवर्डने संरक्षित वाय-फाय जाळ्यात आणि मिराकास्टमध्ये संकेत कूटबद्ध असल्याने हा धोका कमी होतो. एचडीएमआय मार्गाने जाणाऱ्या सशुल्क कार्यक्रमांना एचडीसीपी हे वेगळे कूटसंरक्षण असते आणि त्याला मान्यता नसलेले उपकरण मधे आल्यास पडदा काळा राहतो. हे संरक्षण प्रेक्षकाच्या खासगीपणासाठी नसून कार्यक्रमाची नक्कल होऊ नये यासाठी असते.

भारतातील कायदेशीर स्थिती

भारतात बिनतारी उपकरणांचे नियमन दीर्घकाळ भारतीय तार अधिनियम, १८८५ आणि भारतीय बिनतारी तार अधिनियम, १९३३ यांनुसार होत आले. त्यांची जागा घेण्यासाठी दूरसंचार अधिनियम, २०२३ करण्यात आला. मूळ तत्त्व असे, की ज्या पट्ट्यांना सूट दिली आहे तेवढेच परवान्याविना वापरता येतात.

जानेवारी २००५ मधील नियमांनी २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त करण्यात आला. त्यात प्रेषकाची कमाल शक्ती १ वॅट आणि अँटेनासह परिणामी प्रक्षेपित शक्ती ४ वॅट अशी मर्यादा आहे. ऑक्टोबर २०१८ मधील नियमांनी ५ गिगाहर्ट्झमधील ५.१५० ते ५.३५०, ५.४७० ते ५.७२५ आणि ५.७२५ ते ५.८७५ गिगाहर्ट्झ हे पट्टे परवानामुक्त झाले. ही सूट सामायिक वापराच्या तत्त्वावर आहे. आपल्या उपकरणाने इतरांना घातक व्यत्यय आणू नये आणि इतरांकडून व्यत्यय आल्यास संरक्षणाचा हक्क सांगता येणार नाही, असा तिचा अर्थ होतो. शेजाऱ्याच्या वाय-फायमुळे आपले चित्र बिघडले, तर परवानामुक्त पट्ट्यात त्याविरुद्ध दाद मागण्याला आधार उरत नाही. हेच शेजाऱ्यालाही लागू होते.

परदेशातून आणलेल्या उपकरणांबाबत सावधगिरी आवश्यक असते. अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचा पट्टा घरगुती उपकरणांना खुला आहे. भारतात त्याच टापूत मोबाइल सेवा चालते. त्यामुळे अमेरिकेतील नातेवाइकांनी भेट म्हणून दिलेला त्या पट्ट्यातील व्हिडिओ सेंडर येथे लावल्यास परिसरातील मोबाइल सेवेत अडथळा येऊ शकतो आणि तो वापर नियमबाह्य ठरतो. शिवाय त्याचा वीजपुरवठा बहुधा भारतातील २३० व्होल्टला अनुरूप नसतो.

पर्याय

समाक्ष केबल किंवा एचडीएमआयची तार दुसऱ्या खोलीपर्यंत नेणे हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. एचडीएमआय संकेत संगणकजाळ्याच्या तारेवरून नेणारी उपकरणेही मिळतात. भिंत फोडता येत नसल्यास, विशेषतः भाड्याच्या घरात, तार चौकटीच्या वरून पट्टीखाली नेता येते. घरातील वीजतारांतून संकेत नेणारी उपकरणे हा आणखी एक पर्याय आहे. मात्र दोन्ही खोल्या वेगवेगळ्या फेजवर असल्यास किंवा वाहिनीवर मोटारींचा उपद्रव असल्यास त्यांची गती घटते. विनाशुल्क उपग्रह वाहिन्या पाहणाऱ्या घरात दोन निर्गम असलेला एलएनबी तबकडीवर बसवून दुसरा साधा बॉक्स जोडता येतो. त्यात मासिक शुल्क नसते आणि दोन्ही खोल्यांत वेगळ्या वाहिन्या पाहता येतात.

मांडणी

बिनतारी उपकरण निवडल्यास प्रेषक व ग्राही जमिनीपासून उंच, लोखंडी कपाट व आरशापासून दूर ठेवावेत. तरंगाने भिंत काटकोनात पार करावी अशी दोघांची जागा निवडावी, कारण तिरक्या वाटेने जाताना त्याला भिंतीची अधिक जाडी ओलांडावी लागते. दोन खोल्यांच्या मधे दार असेल तर त्याच्या समोरासमोरची जागा उत्तम. अनुरूप प्रेषकाच्या चारही वाहिन्या तपासून पाहाव्यात आणि घरातील वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर न्यावे. वापर नसताना प्रेषक बंद करावा. संच बंद केल्याने प्रेषक बंद होत नाही आणि त्याचे तरंग भिंतीपलीकडे जातच राहतात.